न उच्चारलेले गृहीतक
(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोरील व्याख्यानाचा मजकूर)



स्पर्धा परीक्षांत एक प्रश्न नेहमी विचारला जातो. एक युक्तिवाद दिलेला असतो आणि त्यामागे कोणते गृहीतक दडले आहे, ते ओळखावयाचे असते. उमेदवार तो गुणांपुरता सोडवितात. वास्तविक कार्यालयातील टिपणीत आणि ग्रामपंचायतीच्या ठरावातही तोच प्रश्न उभा असतो; फक्त तेथे पर्याय छापलेले नसतात.

विंधण विहिरींचाच इतिहास पाहावा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस दुष्काळी भागांत कठीण खडक भेदून विहिरी घेण्यास वेग आला. त्यांवर बिडाचे हातपंप बसविण्यात आले. युरोप-अमेरिकेतील घरगुती पंपांच्या धर्तीवर ते घडविलेले होते. युक्तिवाद सरळ होता : हा पंप तेथे टिकला, सबब येथेही टिकेल. यातील न उच्चारलेला दुवा असा, की दोन्हीकडे वापर सारखाच होईल. तेथे एखादे कुटुंब दिवसातून काही वेळा दांडा हलवी. येथे पहाटेपासून घागरींची रांग हटत नसे. १९७४ मध्ये युनिसेफने केलेल्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश पंप नादुरुस्त आढळले. बसविलेले पंप मोजणाऱ्या अहवालात मात्र अशी गावे पाणी मिळालेली म्हणूनच गणली जाणार!

गृहीतक ओळखण्याची कसोटी म्हणजे ते नाकारून पाहणे. ‘वापर सारखा होणार नाही’ असे म्हणताच निष्कर्ष कोसळतो. म्हणून ते गृहीतक. ‘विंधण विहिरीचे पाणी उघड्या विहिरीपेक्षा स्वच्छ असते’ हे विधान बहुधा खरे आहे. पण ते नाकारले तरी पंपाच्या टिकाऊपणाविषयीचा निष्कर्ष जागचा हलत नाही. खरे विधान आणि आवश्यक विधान यांतील हा भेद शिक्षकांनी वर्गात आवर्जून दाखवावा. विद्यार्थी येथेच फसतात. क्वचित प्रश्न काढणारेही.

पुढे महाराष्ट्रातच, जालना व सोलापूर येथे, गावकीचा वापर ध्यानात घेऊन भक्कम पंप घडविले गेले. सोलापूरच्या पंपावरून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क दोन’ आकारास आला. तो टिकाऊ ठरला. परंतु खोलवरच्या दुरुस्तीसाठी नळांची सगळी माळ उपसावी लागे. अवजारांसह प्रशिक्षित पथक वेळेवर गावात पोहोचेल, हे त्यामागचे गृहीतक. नंतरच्या ‘मार्क तीन’मध्ये नळ न उपसता दट्ट्या वर काढता येऊ लागला. गावातल्या कोणापाशी तरी पाना आणि वॉशर असेल, हे मात्र त्यातही गृहीतच धरलेले राहिले.