‘नस’ म्हणजे नेमकी कोणती?



हृदयाकडून रक्त नेते ती रोहिणी आणि हृदयाकडे परत आणते ती नीला, हा भेद मराठी मुले शाळेतच शिकतात. घरी मात्र नीला, मज्जातंतू आणि स्नायूची दोरी या तिन्हींचे एकच नाव उरते : नस. पोटरीत गोळा आला की नस चढली, कमरेतून कळ गेली की नस दबली, शीर लाल होऊन ठणकू लागली की नस सुजली. गोळ्यावर चोळून आराम पडतो. पण नीलेचा दाह झाला असेल तर आत बहुधा रक्ताची गुठळी असते. ती खोल नीलेत असली तर चोळताना सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि माणूस दगावू शकतो. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे : एकच पाय सुजून दुखत असेल, तर तो चोळण्याआधी तपासा.

हे वसई-विरारमध्ये मुद्दाम सांगण्याला कारण आहे. रक्त साकळण्यामागे प्रवाह मंदावणे, शिरेच्या भिंतीला इजा आणि रक्ताची गोठण्याची वाढलेली प्रवृत्ती ही तीन कारणे असतात. हा विचार रुडॉल्फ फिर्खो यांच्या १८५६च्या संशोधनाशी जोडला जातो. पायातले रक्त वर चढते ते पोटरीचे स्नायू हलल्याने. एका जागी उभ्या माणसाचा हा पंप जवळपास बंद असतो. वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत यंत्रापुढे किंवा दुकानाच्या काउंटरमागे उभ्याने दिवस जातो, आणि विरार ते चर्चगेट लोकलचे हे सुमारे साठ किलोमीटरही अनेकांच्या वाट्याला उभ्यानेच येतात. यावर कोणी म्हणेल, लोकलने गुठळ्या होतात याला पुरावा काय? आक्षेप रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली धोका सुमारे दुप्पट होतो असे सांगितले, ते चार तास वा अधिक बसून केलेल्या प्रवासाबद्दल. तेव्हा दोष एकट्या लोकलला देता येणार नाही. पण वर्षानुवर्षांच्या उभ्या कामाने शिरा फुगतात आणि फुगलेल्या शिरेतच वरवरचा दाह अधिक होतो. १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या ४४व्या कलमात उभ्या कामगारांसाठी बसण्याची सोय सांगितली होती. बसायचे ते स्टूल म्हणजे औषधच.

दुसरा आक्षेप आपल्याच वैद्यकीय व्यवसायातला : वरवरचा दाह आपोआप बरा होतो, मग गरीब रुग्णाला शिरांच्या डॉपलर तपासणीच्या खर्चात का पाडायचे? बहुतेकदा तो बरा होतो, हे खरे. सलाइनच्या सुईने हाताची शीर सुजली तर सुई काढून शेक पुरतो. पायाचे तसे नाही. गुठळी पाच सेंटिमीटर वा अधिक लांब असेल, तर रक्त पातळ ठेवणारे औषध सहसा पंचेचाळीस दिवस द्यावे लागते. जांघेत वरवरची नीला खोल नीलेला मिळते त्या जोडापासून तीन सेंटिमीटरच्या आत असेल, तर उपचार खोल गुठळीसारखाच. हे अंतर बोटाने चाचपून कळत नाही. नुकतीच बाळंतीण, शस्त्रक्रिया झालेला, कर्करोगाचा किंवा पूर्वी गुठळी झालेला रुग्ण असेल, तर खर्चाचा हिशेब नंतर करावा. आणि अशा पायासोबत एकाएकी धाप लागली, छातीत दुखले, तर थेट मोठे रुग्णालय गाठावे.

माझी विनंती साधी आहे. उद्यापासून केसपेपरवर ‘नस’ लिहू नका. नीला, मज्जातंतू की स्नायू, ते लिहा, आणि रुग्णालाही त्याच शब्दांत सांगा.