अडखळणाऱ्या इंजिनाची चौकशी



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर, साहित्यावर बोलणारे विद्वान येतात. माझ्या वाट्याला मोटारीचे इंजिन आले आहे. माझी शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते गॅरेजच्या खड्ड्यात आणि पुढे ड्रायव्हर-क्लीनरांच्या युनियनच्या कामात. तेव्हा बोलणे सरळच होईल.

कशेडीचा घाट चढताना गाडी धक्के खाऊ लागली, पिकप गेला, उभी केली तर अंगभर थरथरू लागली, की आपण म्हणतो गाडी मिसिंग मारते आहे. आणि त्याच दमात म्हणतो, ड्रायव्हरने वाट लावली! पूर्वी एका मालकाने भर पावसाळ्यात असेच म्हणून ड्रायव्हरचा आठ दिवसांचा पगार कापला. प्रकरण आमच्याकडे आले. गाडी पाहिली, तर डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाला आतून केसाएवढी चीर. दमट हवेत त्या चिरेतून ठिणगी भलतीकडेच पळे, आणि कोरड्या दिवशी गाडी ठणठणीत! त्यात ड्रायव्हरचा दोष तो कोणता? टोपण बदलले, पगारही मिळाला. चौकशीवाचून शिक्षा नाही, हा हक्क कामगाराने भांडून मिळवला. इंजिनाच्या बाबतीत मी तेवढेच मागतो.

आता चौकशी कशी करायची ते पाहू. पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवा व पेट्रोल यांचे योग्य मिश्रण, ते दाबून धरणारा सिलिंडर, आणि नेमक्या वेळी ठिणगी. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत असले, तर सगळे मिळून ४००० वेळा जाळ होतो. त्यातला चौथा हिस्सा बंद पडला की गाडी लंगडणारच.

म्हणून पहिला प्रश्न : एकच सिलिंडर कामावर नाही, की सगळेच कुरकुरत आहेत? प्रीमिअर पद्मिनीच्या काळात मेस्त्री इंजिन चालू ठेवून रबरी मुठीच्या पकडीने प्लगची एकेक वायर उचलत असे. वायर काढताच इंजिन आणखी ढेपाळले, तर तो सिलिंडर राबत होता. काहीच फरक पडला नाही, तर घरी बसलेला तोच. (आजच्या गाडीत हा प्रयोग करू नये, कॉइल जळते.) मग त्याचा प्लग काढून पाहायचा. बिस्किटाच्या रंगाचा असेल तर ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला, तर ठिणगी नाही. तेलकट असेल तर रिंगा किंवा व्हॉल्व्हकडे संशय जातो. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडून इंजिन तापते आहे. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम उतरला असेल, तर मधले गॅस्केट फुटले असे समजावे.

आता स्कॅनर आला. तो पी ०३०१ असा आकडा दाखवतो. म्हणजे पहिला सिलिंडर चुकतो आहे, एवढेच! का चुकतो, ते यंत्र सांगत नाही. पण पुष्कळ ठिकाणी आकडा दिसताच कॉइल बदलतात, नाही जमले तर प्लग, मग इंजेक्टर; आणि बिल वाढत जाते. हप्त्यावर गाडी घेतलेल्या टॅक्सीवाल्याने ते कोठून भरावे? त्यापेक्षा पहिल्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर चढवा. आकडा पी ०३०३ झाला तर दोष कॉइलचा. पहिल्यावरच राहिला तर तसाच प्लग हलवून पाहा. याला दहावीस मिनिटे लागतात, पैसा लागत नाही. मेस्त्रीला हे करून दाखवा म्हणण्याचा गिऱ्हाइकाला अधिकार आहे. मात्र इंजिनाचा दिवा उघडझाप करू लागला, तर रेटू नका. न जळलेले पेट्रोल धूर शुद्ध करणाऱ्या भांड्यात जाऊन जळते, आणि ते महागडे भांडे निकामी होते.

सगळेच सिलिंडर कुरकुरत असतील तर हवेची नळी पाहा. कोठे फट असली, तर गाडी उभी असताना थरथरते आणि रेस दिली की सुधारते. पेट्रोल भरल्यावर लगेच त्रास सुरू झाला, तर टाकीत पाणी असण्याचा संभव. हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलात ते मुरते, आणि फार झाले की इथेनॉलसकट तळाशी बसते.

आणि हो, ड्रायव्हरची जबानी आधी घ्या. गार असताना की तापल्यावर? चढावर की सिग्नलला? पावसानंतर? निम्मा तपास तेथेच होतो.

खेडकरांसाठी आणखी एक. २०२१ च्या जुलैत जगबुडीचे पाणी बाजारपेठेत शिरले, तेव्हा कित्येक गाड्या बुडाल्या. अशा गाडीची किल्ली, चालू होते का पाहू म्हणून, मुळीच फिरवू नये. हवा दबते, पाणी दबत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी बॅटरीची वायर सोडा. हवेचा फिल्टर उघडा. तो भिजलेला असला, तर प्लग काढून पाणी बाहेर निघेपर्यंत गाडी ओढूनच न्यावी.