जुन्या यंत्राचा हिशेब



आमचे आयुष्य दुसऱ्यांच्या पगाराचे हिशेब तपासण्यात गेले. आज आमच्याच एका खर्चाचा हिशेब आपल्यापुढे ठेवायचा आहे. येथे सात रस्त्यावरच्या आमच्या खोलीत सन कंपनीचा ‘अल्ट्रा ६०’ नावाचा संगणक आहे. भंगाराच्या भावाने आणलेला. आमची शाळा लवकर सुटली. जे शिकलो ते वस्तू उघडून शिकलो.

हा नमुना १९९७ सालचा. पुण्याच्या सीडॅकने १९९८ साली उभारलेल्या ‘परम १०,०००’ या महासंगणकात याच अल्ट्रास्पार्क घराण्याचे प्रोसेसर होते. पुढे साधे संगणक स्वस्त आणि वेगवान झाले, बाजार तिकडे वळला आणि २०१० साली सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली. यंत्र बिघडले नव्हते. त्याला कोणी विचारीनासे झाले. १८७७ च्या जुन्या गिरणीपासून गिरण्यांचा उदयास्त पाहिलेल्या सोलापूरकरांना अधिक काय सांगावे?

यात एक चिप आहे, तिच्या पोटातच बॅटरी. ती संपली की यंत्र स्वतःचा क्रमांक विसरते. हजेरीपटावरून नाव गेलेला कामगार फाटकावर अडतो, तसे ते अडते. आम्ही चिपचे कवच कानशीने घासले, बाहेरून तीन व्होल्टचा सेल डाग देऊन जोडला, क्रमांक पुन्हा भरला, यंत्र उठले.

आता विजेचे. यंत्र आणि जुना काचेचा पडदा मिळून सुमारे २५० वॅट ओढतात. चार तासांना एक युनिट. दिवसरात्र चालवले तर महिन्याला १८० युनिटे. याहून अधिक काम तळहाताएवढा नवा संगणक दहा वॅटच्या आत करतो. तेव्हा ‘जुने ते स्वस्त’ म्हणणे ही शुद्ध फसवणूक होय. बिल पाहून मुलीने विचारले, “बाबा, हा पैसा कुणाच्या कष्टाचा?” आम्हांला उत्तर सुचले नाही. तेव्हापासून यंत्र फक्त रविवारी चार तास चालते. एरवी प्लग काढलेला असतो.

त्या चार तासांत गल्लीतली पोरे येतात, झाकण काढून कुठली तार कुठे जाते ते पाहतात. गिरण्या बंद पडताना आम्ही मागण्या लिहिल्या. जॉबरच्या हातातली विद्या मात्र लिहून घेतली नाही. ती त्याच्याबरोबर गेली. आठवड्याचे हे एक युनिट आम्ही त्या चुकीच्या खाती मांडतो. हिशेब आपल्यापुढे आहे. मंजूर की नामंजूर, आपण ठरवावे.