कॅप्स लॉकचा दिवा कोण लावतं?

आजचा भाग ऐकताना समोर कॉम्प्युटरचा कीबोर्ड असेल, तर एक काम करा. कॅप्स लॉक दाबा. छोटासा दिवा लागला ना? आता सांगा, तो कोणी लावला?

'मी बटण दाबलं, कीबोर्डने दिवा लावला.' मलाही असंच वाटायचं. आणि या एका समजुतीपायी नोकरीच्या पहिल्याच वर्षी मी एक मोठी चूक करणार होतो. आजची गोष्ट त्या चुकीची.

तेव्हा मी एका कारखान्याच्या आयटी विभागात होतो. कंट्रोल रूममध्ये प्रत्येक ऑपरेटरच्या टेबलावर दोन कॉम्प्युटर. एक प्लांट चालवायचा. त्याला इंटरनेट नाही, ऑफिसचं नेटवर्क नाही, बाहेरच्या जगाशी काही संबंधच नाही. दुसरा मेल, हजेरी, रिपोर्ट यासाठी. म्हणजे दोन कीबोर्ड, दोन माउस, दोन स्क्रीन. चहाचा कप ठेवायला जागा नाही!

एका रात्री एक ऑपरेटर काका मेल लिहायला बसले, आणि चार ओळी टाइप झाल्यावर लक्षात आलं की हात प्लांटच्या कीबोर्डवर आहे. नशिबाने काही झालं नाही. पण सकाळी मी समोर दिसताच म्हणाले, "तुम्ही आयटीवाले नुसतं 'हे करू नका, ते करू नका' सांगता. आमची सोय कोण बघणार?"

मला ते लागलं. कारण त्यांचं बरोबर होतं.

मी शोधाशोध केली आणि उत्तर सापडलं: केव्हीएम स्विच. केव्हीएम म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माउस. एक छोटा डबा असतो. एकीकडे दोन कॉम्प्युटर जोडायचे, दुसरीकडे एकच कीबोर्ड, एकच माउस, एकच स्क्रीन. बटण दाबलं की हा कॉम्प्युटर, पुन्हा दाबलं की तो. बाजारात हजार-दोन हजारात मिळतो. मी लगेच प्रस्ताव लिहिला आणि सीनियर सरांच्या टेबलावर ठेवला.

सरांनी वाचला आणि म्हणाले, "कॅप्स लॉक दाब."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी एका विंडोज कॉम्प्युटरला दोन कीबोर्ड लावले. "आता डावीकडच्याचं कॅप्स लॉक दाब, आणि उजवीकडे बघ." मी डावीकडे बटण दाबलं, आणि उजवीकडच्या कीबोर्डवरही दिवा लागला. त्याला तर मी हातही लावला नव्हता!

मंडळी, तो दिवा कॉम्प्युटर लावतो. कीबोर्ड फक्त सांगतो, 'हे बटण दाबलं गेलं.' मग कॉम्प्युटर उलट निरोप पाठवतो, 'दिवा लाव.' म्हणजे त्या वायरमधून माहिती जाते आणि परतही येते.

सर म्हणाले, "अरे, दोन घरांचं बोलणं बंद आहे, मध्ये भिंत घातली आहे. पण एकच पोर दोन्ही घरांत खेळायला जातं. त्याच्या खिशात कोणी चिठ्ठी घातली तर? तुझा कीबोर्ड म्हणजे ते पोर."

मी म्हटलं, "सर, तीन दिव्यांत अशी किती माहिती मावणार?"

त्यांनी हिशेब मांडला. नम लॉक, कॅप्स लॉक, स्क्रोल लॉक. तीन दिवे म्हणजे तीन बिट. आठ अक्षरी पासवर्ड म्हणजे 64 बिट. दर वेळी स्विच बदलताना तीन बिट इकडून तिकडे गेले, तर 22 वेळा इकडून तिकडे वळलं की पासवर्ड पलीकडे. आमचे ऑपरेटर एका शिफ्टमध्ये याहून जास्त वेळा इकडून तिकडे करायचे.

अर्थात, त्यासाठी दोन्ही कॉम्प्युटरमध्ये आधीच व्हायरस शिरलेला हवा. पण 'आमची मशीन वेगळी आहे, तिच्यात व्हायरस येणारच नाही' असं म्हणायची सोय उरलेली नाही. 2010 मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट आठवा. इराणमधल्या नतान्झच्या अणुकेंद्राची यंत्रणा इंटरनेटपासून तोडलेली होती, तरी तो आत पोचला. असल्या ठिकाणी शिरण्यासाठी तो पेन ड्राइव्हवरून पसरायचा. आणि 2019 मध्ये इस्रायलच्या बेन-गुरियन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की कीबोर्डचे हेच तीन दिवे भराभर उघडझाप करून, समोरच्या कॅमेऱ्याला माहिती देता येते. वायरसुद्धा लागत नाही!

बरं, फक्त कीबोर्डच बोलका आहे असं नाही. मॉनिटरही कॉम्प्युटरला आपलं नाव, आपलं रिझोल्युशन सांगतो. ती माहिती मॉनिटरमधल्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असते, आणि काही मॉनिटरमध्ये त्या चिपवर लिहितासुद्धा येतं. म्हणजे चिठ्ठी ठेवायला आणखी एक खिसा. हेडफोनचंही तसंच. काही कॉम्प्युटरमध्ये सॉफ्टवेअरने जॅकचं काम उलटं करून हेडफोनचा माइक बनवता येतो.

मग यावर उपाय काय? तर सुरक्षित केव्हीएम. दिसायला तसाच डबा, पण आत सगळं वेगळं. कीबोर्ड-माउसची माहिती एकाच दिशेने जाते, कीबोर्डकडून कॉम्प्युटरकडे. उलट रस्ता हार्डवेअरमध्येच नाही, त्यामुळे कुठलाही व्हायरस तो उघडू शकत नाही. मॉनिटरची ओळख डबा स्वतः वाचतो आणि प्रत्येक कॉम्प्युटरला वेगळी प्रत दाखवतो. मूळ चिपवर कोणालाच लिहू देत नाही. कीबोर्डच्या खाचेत पेन ड्राइव्ह लावला तर डबा त्याला दारातच अडवतो. आवाज फक्त बाहेर येतो, माइक चालत नाही. आतला प्रोग्राम बदलता येत नाही. वर सील असतं, आणि डबा कोणी उघडलाच तर तो स्वतःला कायमचा बंद करून टाकतो.

अमेरिकेत एनएसएच्या अखत्यारीतली नायप नावाची संस्था या उपकरणांचे नियम ठरवते. 2019 च्या नियमावलीत एक गोष्ट मला फार आवडली: कीबोर्डच्या शॉर्टकटने किंवा आपोआप स्विच बदलता कामा नये. माणसाने स्वतःहून, ठरवूनच बदलायचं. म्हणजे आपण आत्ता कुठल्या घरात आहोत, हे बोटालाही कळतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं मोठ्या देशांचं. नाही हो. मुंबईत मुख्यालय असलेल्या एनपीसीआयएल या आपल्या अणुऊर्जा कंपनीने 30 ऑक्टोबर 2019 ला जाहीर केलं, की त्यांच्या एका कॉम्प्युटरमध्ये मालवेअर सापडलं होतं. तो कॉम्प्युटर इंटरनेट असलेल्या, प्रशासकीय कामाच्या नेटवर्कवरचा होता. महत्त्वाचं अंतर्गत नेटवर्क त्यापासून वेगळं असल्याचं त्यांनी सांगितलं. भिंत असण्याचा अर्थ हा असतो.

आणि केव्हीएम चुकीच्या हातात पडला तर? 2013 मध्ये लंडनमध्ये एक माणूस आयटी इंजिनिअर असल्याचं सांगून बार्कलेज बँकेच्या स्विस कॉटेज शाखेत शिरला आणि तिथल्या कॉम्प्युटरला दुरून चालवता येणारा केव्हीएम जोडून गेला. टोळीने बाहेर बसून सुमारे 13 लाख पौंड वळवले. तो काही सुरक्षित डबा नव्हता, पण धडा तोच. टेबलामागच्या वायरींकडे कोणी बघत नाही.

घरी तुमचे दोन लॅपटॉप असतील आणि दोन्ही एकाच वायफायवर असतील, तर साधा स्विच बिनधास्त वापरा. तिथे मुळात भिंतच नाही. पण दवाखाना, बँक, वीज केंद्र, कारखाना, अशा ठिकाणी कामाला लागलात आणि तिथे एखादी मशीन मुद्दाम वेगळी ठेवलेली दिसली, तर तिला काहीही जोडण्याआधी एकच प्रश्न विचारा: या वायरमधून परत काय येतं?

आमच्याकडे काय झालं? माझा प्रस्ताव परत आला, पण सरांनी काकांची तक्रार कचऱ्यात टाकली नाही. ते म्हणाले, "सोय दिली नाही, तर माणसं स्वतःची सोय करतात. उद्या कोणीतरी पेन ड्राइव्ह घेऊन येईल." काही महिन्यांनी सुरक्षित डबे आले. साध्यापेक्षा कितीतरी पट महाग. टेबलं मोकळी झाली, चहाच्या कपाला जागा मिळाली.

दुसऱ्याच दिवशी काकांचा फोन. "अहो, कसला डबा दिलाय? कॅप्स लॉकचा दिवाच लागत नाही!"

मी म्हटलं, "काका, तो लागत नाही, म्हणजे डबा काम करतोय."

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर ऑफिसातल्या त्या एका मित्राला नक्की पाठवा, जो कुठेही काहीही प्लग करतो.