जुन्या पैठणीचा नवा घेर

आखाजी (अक्षय्य तृतीया) आली, लेकी माहेरी आल्या, की खानदेशात लग्नसराईही भरात असते. जळगावच्या फुले मार्केटात आणि धुळ्याच्या आग्रा रोडवर पाय ठेवायला जागा नसते. शिंपीदादा म्हणतात, "आता पंधरा दिवस तरी थांबा." अशा वेळी घरातलं शिलाई मशीन पुसून, तेल घालून बाहेर काढावं.

आईची जुनी पैठणी नेसली जात नाही आणि टाकवतही नाही. तिचा कळ्यांचा गाऊन देखणा होतो. आधी साडी उजेडासमोर धरा. वर्षानुवर्षांच्या घडीवर रेशीम विरतं, जर तुटते. तेवढा भाग वगळूनच बेता. अस्तराचं सुती कापड आधी भिजवून वाळवा, नाहीतर ते पुढे आटतं आणि वरचं रेशीम चुरगळल्यासारखं दिसतं. सुई ११ नंबरची लावा; जाड सुईची भोकं रेशमावर कायमची राहतात.

शिवणकाम म्हणजे नुसता विरंगुळा, असं म्हणणाऱ्यांनी कळ्यांचा हिशोब एकदा मांडून पाहावा. कंबर २८ इंच, कळ्या ८, म्हणजे कळी वरून साडेतीन इंच. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच माया धरली की साडेचार. पदरावरचे मोर मात्र कापू नका. तो तुकडा पाठीवर अख्खाच शोभतो.

आणि पहिलीच वेळ असेल, तर पैठणीला कात्री लावण्याआधी जुन्या चादरीवर बेतून, कच्चे टाके घालून, अंगावर चढवून बघा.