सक्ती केली, तर फुकटही द्या

(दाभोळ येथें खाडीकांठीं शेतकरी, कोळी व कारागीर मंडळींच्या बैठकींत झालेलें भाषण)



कोणी होडी किनाऱ्याला लावून, कोणी शेतावरून, कोणी भट्टी विझवून आज येथें आलां आहां. विषय इंटरनेटचा आहे. सरकारनें कराच्या पैशांतून तें सर्वांना फुकट द्यावें कीं नाहीं, हा आजचा प्रश्न. कांहीं जण म्हणतात, आधीं पाणी द्या, रस्ता द्या. ही शहरी चैन आम्हांस कशाला? मीही एके काळीं असेंच म्हणत असें. पण गेल्या कांहीं वर्षांत सरकारनेंच हा प्रश्न आपल्या उंबऱ्यावर आणून ठेवला आहे.

तुम्हींच आठवून पाहा. पूर्वीं पिकाची पाहणी करण्यास तलाठी बांधावर येई. १५ ऑगस्ट २०२१ पासून तें काम शेतकऱ्याच्या गळ्यांत पडलें; त्यानें बांधावर उभें राहून मोबाईलनें पिकाचा फोटो काढावा आणि नोंद करावी. रेशनच्या दुकानांत अंगठा यंत्रावर टेकावा लागतो, आणि यंत्राला रेंज नसेल तर धान्य समोर असून हातीं येत नाहीं. लाडक्या बहिणीचा अर्ज मोबाईलवर. सुतार, लोहार, कुंभार, चांभार अशा १८ धंद्यांतल्या कारागिरांसाठीं १७ सप्टेंबर २०२३ रोजीं विश्वकर्मा योजना निघाली. तिची नोंदणीही नेटवरच.

यांतलें एक तरी काम तुम्हीं हौसेनें नेटवर नेलें होतें काय? नाहीं. सरकारनें सांगितलें, असें करा, नाहीं तर हक्काला मुका. यालाच सक्ती म्हणतात. माझें आजचें सारें म्हणणें एवढेंच आहे कीं, जेथें सक्ती आहे तेथें फुकट असलेंच पाहिजे. सक्ती करावयाची आणि वर तिचा खर्च गरिबाकडून घ्यावयाचा, हा दंड झाला, कारभार नव्हे.

आतां दाभोळची जागा पाहा. पुढें वाशिष्ठीची खाडी, मागें उभा डोंगर, वर सडा. कोंकणांतलें गांव घाटावरच्यासारखें एका ठिकाणीं गोळा झालेलें नसतें. एक वाडी पऱ्ह्याच्या अलीकडे, दुसरी डोंगरापलीकडे. कंपनीला जेथें गिऱ्हाईक दाट तेथें रस. दहा घरांच्या वाडीसाठीं ती तार ओढीत नाहीं. तिला शिव्या देऊन उपयोग नाहीं, तो तिचा धंदा आहे. पण जें काम धंद्यानें होत नाहीं, तें करण्यासाठींच तर कर असतो.

मग आपल्या माणसानें काय करावें? सड्यावर चढून रेंज धरावी, नाहीं तर बाजारांत जाऊन कोणाकडून तरी अर्ज भरून घ्यावा. अर्जाला सरकारची फी नसली, तरी भरणाऱ्याचे पैसे पडतात, एस. टी. चें भाडें पडतें, आणि दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. आपल्या आजोबा-पणजोबांनीं रयत आणि सरकार यांच्यामध्यें खोत बसलेला पाहिला. तो खोत १९४९ च्या कायद्यानें गेला. आतां रेंजच्या अभावीं नवा मध्यस्थ त्याच जागीं बसूं पाहत आहे. फरक एवढाच कीं, जुना खोत पीक मोजून घेई, नवा अर्जामागें मोजून घेतो.

२०२० सालची गोष्ट तर विसरतां येणार नाहीं. शाळा बंद पडल्या आणि धडे मोबाईलवर सुरू झाले. ज्या घरीं एकच मोबाईल, आणि तोही बापाबरोबर बोटीवर, त्या पोरांची शाळा कोठें भरत होती? त्यांतच ३ जूनला निसर्ग वादळ आलें. दापोली-मंडणगडाकडे झाडें पडलीं, विजेचे खांब पडले, कित्येक गांवें अनेक दिवस अंधारांत राहिलीं, आणि मोबाईल हातांत असून मुका झाला. शहरांतलीं मुलें एक वर्ष शिकलीं, आपलीं एक वर्ष मागें पडलीं. हें नुकसान कोणत्याही पंचनाम्यांत लिहिलेलें नाहीं.

आतां कोणी म्हणेल, फुकट मागतां, तें येणार कोठून? शहाण्या माणसानें हा प्रश्न जरूर विचारावा, आणि त्याचें उत्तरही ऐकून घ्यावें. १८८२ सालीं जोतीराव फुल्यांनीं हंटर कमिशनपुढें निवेदन दिलें, त्यांत याच हिशोबावर बोट ठेवलें होतें. सरकारच्या तिजोरींतला मोठा भाग शेतकऱ्याच्या घामाचा, आणि शिक्षणाचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च विद्येवर. रयत साऱ्याच्या रुपयामागें एक आणा लोकल फंड वेगळा भरीत होती, तरी तिच्या पोराला गांवांत धड शाळा नव्हती. पैसा कोणाचा आणि सोय कोणाची, हा त्यांचा सवाल होता.

तोच सवाल आज रिचार्जला लावून पाहा. तुम्ही ११८ रुपये देतां, त्यांत १८ रुपये जी. एस. टी. असतो. गवंड्याच्या हाताखालची बाईही तो देते आणि बंगलेवालाही तोच देतो. दुसरा पैसा झांकलेला आहे. १ एप्रिल २००२ पासून खेड्यापाड्यांत टेलिफोन पोंचविण्यासाठीं एक निधि चालू आहे. टेलिफोन कंपन्यांच्या हिशोबी उत्पन्नांतून शेंकडा ५ त्यांत जमा होतात. कंपनी हे पैसे घरून आणीत नाहीं. ते तुमच्या-माझ्या रिचार्जांतूनच येतात. आणि या निधीचा मोठा भाग वर्षानुवर्षें खर्चच झाला नाहीं! २०२३ च्या कायद्यानें त्याचें नांव डिजिटल भारत निधि असें झालें. नांव नवें झालें, पैसा आपलाच राहिला. म्हणून आपण भीक मागत नाहीं. भरलेल्या पैशाचा माल मागतों.

याच निधीवर भारतनेटचें काम चाललें आहे. २०११ च्या ऑक्टोबरांत त्याला मंजुरी मिळाली. सुमारें अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबरची तार न्यावयाची होती. मुदती आल्या आणि गेल्या. २०२३ च्या ऑगस्टांत सुधारित कामासाठीं १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. रक्कम लहान नाहीं. पण कोंकणांत तार ग्रामपंचायतीच्या कपाटाशीं येऊन थांबली, तर डोंगरापलीकडच्या वाडीला काय मिळालें? आडांत पाणी आहे, पण दोर पुरत नाहीं, अशी ती गत.

मग मागावें काय? शाहू महाराजांनीं १९१७ सालीं करवीर संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. मूल शाळेंत न घालणाऱ्या बापाला दंड ठेवला. पण त्याबरोबर शिक्षण मोफतही केलें. दंडाचा अधिकार त्यांना त्या मोफतीनें मिळाला. आपल्या राज्यघटनेंतही २००२ च्या दुरुस्तीनें ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठीं मोफत आणि सक्तीचें हे दोन शब्द शेजारीं बसले. ते बैलजोडीसारखे आहेत. एकट्या बैलावर नांगर चालत नाहीं.

म्हणून पहिली मागणी अशी कीं, सरकारनें जीं कामें नेटवर सक्तीचीं केलीं, त्यांच्यासाठीं प्रत्येक वाडीच्या जवळ फुकट जोडणी आणि अर्ज भरून देणारा माणूस असावा. दुसरी, शाळा, आरोग्य उपकेंद्र, रेशन दुकान आणि मासळीचा धक्का येथें जोडणी सर्वांना खुली असावी. वादळाचा इशारा आणि मासळी कोठें सांपडेल याची हैदराबादच्या समुद्रसंस्थेची माहिती बोट सुटण्यापूर्वीं धक्क्यावर कळली, तर डिझेल वांचेल आणि जीवही वांचेल.

घरच्या जोडणीची गोष्ट वेगळी. ज्याच्या दारीं चार मोटारी उभ्या, त्याचें सिनेमा पाहण्याचें बिल रयतेनें कां भरावें? येथें टपालाचा धडा घ्या. १८५४ सालीं पत्राचा दर साऱ्या हिंदुस्थानांत एकच झाला. पत्र शेजारच्या गांवीं जावो कीं कलकत्त्याला, अर्धा आणा. टपाल फुकट नव्हतें, पण दाभोळ दूर म्हणून दाभोळकराला जास्त दर लावला नाहीं. १८८० पासून टपालानें मनीऑर्डर चालविली, आणि मुंबईच्या गिरणींत राबणाऱ्या चाकरमान्याच्या पैशावर रत्नागिरी जिल्ह्यांतल्या हजारों चुली पेटल्या. तसाच एकच आणि परवडणारा दर घरच्या जोडणीला असावा. आणि अगदींच गरीब घरांना ती फुकट असावी. केरळनें हीच वाट धरली. ५ जून २०२३ रोजीं तेथें सरकारी फायबर सुरू झाली. विजेच्या खांबांवरून तार नेली. २० लाख गरीब घरांना ती फुकट देण्याचा संकल्प आहे, इतरांनीं पैसे द्यावयाचे. पहिल्या टप्प्यांत मात्र १४,००० घरेंच धरलीं होतीं. संकल्प आणि काम यांतलें हें अंतरही आपण डोळ्यांआड करूं नये.

आतां आक्षेप घ्या. म्हणतात, फुकट दिलें तर पोरें जुगार खेळतील, सिनेमे पाहतील. कुणब्याचें पोर शिकलें तर नांगर कोण धरील, असेंही एके काळीं म्हणत असत. विहिरींत कोणी पडेल म्हणून गांवाची विहीर कोणी बुजवीत नाहीं. तिला कठडा बांधतात.

दुसरा आक्षेप मला खरोखरच वजनदार वाटतो. सरकारी पैसा कंत्राटदाराच्या घशांत जाईल. याचें उत्तर शोधण्यास लांब जाण्याची गरज नाहीं. समोरच्या तीरावर पाहा. नांव दाभोळचें, जागा गुहागर तालुक्यांतल्या अंजनवेलची. १९९३ च्या डिसेंबरांत राज्य वीज मंडळानें एन्रॉनच्या कंपनीशीं करार केला. १९९९ त वीज सुरू झाली. ती इतकी महाग पडली कीं २००१ त मंडळानें घेणें बंद केलें, कारखाना थंड पडला, आणि त्याच डिसेंबरांत अमेरिकेंत एन्रॉनचेंच दिवाळें वाजलें. पुढें २००५ त सरकारी कंपन्यांनाच तो हातीं घ्यावा लागला. यावरून वीज नको असें ठरतें काय? नाहीं. करार रयतेपुढें उघडा हवा, एवढें ठरतें.

तिसरी गोष्ट मी स्वतःच सांगतों. जो हात फुकट देतो, त्याच हातांत बंद करण्याची कळ असते. नेट बंद पाडण्यांत आपला देश जगांत पुढें आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०२० च्या जानेवारींत बजावलें कीं, असे हुकूम जाहीर झाले पाहिजेत आणि ते बेमुदत चालणार नाहींत. म्हणून ही सोय मेहेरबानीनें नको, कायद्यानें हवी.

मंडळी, टाळ्या वाजवून घरीं गेलां तर आजची संध्याकाळ फुकट गेली. येत्या ग्रामसभेला बाया-पुरुष सारे या आणि हे सवाल लेखी विचारा. भारतनेटची तार आपल्या पंचायतींत आली काय, आणि आज ती चालू आहे काय? तिच्यावर खर्च किती, देखभाल कोणाकडे? शाळेंत, उपकेंद्रांत ती कधीं पोंचेल? कोणती वाडी वगळली? उत्तर न मिळाल्यास २००५ चा माहितीचा कायदा आहे. दहा रुपयांत अर्ज होतो. उत्तर आलें कीं तें पारावर मोठ्यानें वाचा.

पैसा आपला आहे. त्याचा हिशोब मागण्यास लाजूं नका.