अर्धा किलो चटणी आणि एक सामना
(स्नेहमेळाव्यातील भाषण, रविवार, १७ नोव्हेंबर २०२४)



"अमेरिकेतले अनुभव" यावर दहा मिनिटं बोल, असं संयोजकांनी सांगितलं होतं. तो विषय मी बदलून घेतला. अमेरिकेतले अनुभव तुम्ही आपापल्या भाच्या-पुतण्यांकडून पोटभर ऐकले असणार. शिवाय बाहेर प्रचाराच्या रिक्षा फिरताहेत, त्यांच्या भोंग्यावर मात करायची तर विषयही जरा भांडणाचाच हवा. म्हणून मी एका सामन्याबद्दल बोलणार आहे. तो अजून व्हायचा आहे. ३० तारखेला, शनिवारी, ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात मिशिगन विद्यापीठ आणि ओहायो स्टेट विद्यापीठ समोरासमोर येतील. तिकडे तो दुपारी बारा वाजता सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेदहा.

मी मिशिगनची. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं ॲन आर्बर आणि आसपास राहते. आणि ओहायोचा पाठीराखा इथेच बसलाय. आपला 'ब' तुकडीतला, शेवटच्या बाकावरचा. आम्ही त्याला कोलंबसकर म्हणतो. तिसऱ्या रांगेत निळा सदरा घालून बसलाय बघा. निळा आमचा रंग आहे बरं का! बरं केलंस, आत्तापासूनच सवय कर.

तर आधी पी.टी.च्या सरांची शंका फेडते. सकाळी नाश्त्याला त्यांनी विचारलं, "हातात चेंडू घेऊन पळतात, त्याला फुटबॉल कसं म्हणायचं गं?" सर, शाहू स्टेडियमच्या सावलीत वाढलेल्या माणसाचा हा प्रश्न रास्तच आहे. त्या खेळात पायाचं काम थोडं, हाताचं आणि खांद्याचं जास्त. शंभर यार्डांचं मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा गडी, लंबगोल चेंडू. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न मिळतात, नाहीतर चेंडू समोरच्याला. शेवटच्या रेषेपलीकडे नेलात तर सहा गुण. मला विचाराल तर तो कबड्डीचा लांबचा भाऊ आहे. जमीन इंचाइंचाने खेचून घ्यायची, एवढंच. त्यामुळे माझ्यासारख्या कोल्हापूरच्या मुलीला तो कळायला वेळ लागला नाही.

वैर कळायला तर त्याहून कमी वेळ लागला. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ म्हणजे काय, शिवाजी तरुण आणि पाटाकडील समोरासमोर आले की गॅलरीत काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आणि बेळगावला मामा असणाऱ्यांना तर या वैराचं मूळही लगेच कळेल, कारण ते सीमावादात आहे. १८३५ साली टोलेडो नावाच्या गावाभोवतीच्या साधारण ४६८ चौरस मैलांच्या पट्ट्यावरून मिशिगन आणि ओहायो यांनी एकमेकांसमोर सैनिक उभे केले. प्रत्यक्ष युद्ध झालं नाही. सगळ्या प्रकरणात चाकूचा वार होऊन एक उपशेरिफ जखमी झाला, तेवढंच. शेवटी वॉशिंग्टनने टोलेडो ओहायोला दिलं आणि मिशिगनच्या पदरात उत्तरेकडचं एक मोठं जंगल टाकलं. मिशिगनवाल्यांनी नाक मुरडत घेतलेल्या त्या जंगलात पुढे तांबं आणि लोखंड निघालं. टोलेडो आजही ओहायोतच आहे. पण तिथून जाताना मी कोलंबसकराला दरवेळी सांगते, "हे आमचं."

पहिला सामना १८९७ साली झाला. मिशिगनने तो ३४-० जिंकला. १९१८ पासून दरवर्षी खेळतात आणि १९३५ पासून हा हंगामाचा शेवटचा सामना असतो. आजवरचा हिशोब मिशिगन ६१, ओहायो ५१, बरोबरीत ६. ओहायोने २०१०चाही जिंकला होता, पण त्यांच्या काही खेळाडूंनी आपल्या मिळालेल्या वस्तू गोंदणाच्या बदल्यात दिल्याचं निघालं आणि तो विजय नोंदीतून गेला. या एका विजयावर मी पुढे येणारच आहे.

सगळ्या सामन्यांची कहाणी सांगत नाही, पण १९५०चा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कोलंबसला हिमवादळ. मैदानावरच्या रेषा दिसत नव्हत्या, चेंडू हातात ठरत नव्हता. म्हणून दोन्ही संघ मिळाला चेंडू की लाथ मारून लांब फेकून देत होते. अशा ४५ लाथा मोजल्या गेल्या. (सर, हा एकच सामना तुमच्या अर्थाने फुटबॉल म्हणता येईल.) मिशिगनला अख्ख्या सामन्यात चार प्रयत्नांत दहा यार्ड एकदाही सरकता आलं नाही, आणि तरी मिशिगन ९-३ने जिंकलं. ओहायोच्या लाथा अडवून, त्यातून गुण काढून. हरलेल्या प्रशिक्षकाने राजीनामा दिला आणि त्याच्या जागी वुडी हेज आले. ओहायोचे लोक अजून त्यांचं नाव घेतात ते देवघरातल्या आवाजात.

हेज मिशिगनचं नावही घेत नसत. 'ते वरचं राज्य' म्हणत. कोलंबसला आजही सामन्याच्या आठवड्यात विद्यापीठाच्या पाट्यांवरचं प्रत्येक 'एम' अक्षर लाल पट्टी मारून खोडतात. म्हणजे ग्रंथालयाची, दवाखान्याची, कुठलीही पाटी असो. मिशिगनला हरवणाऱ्या खेळाडूंना सोन्याच्या विजारीचा एक छोटा लोलक मिळतो. साधारण नव्वद वर्षांची प्रथा आहे. त्या लोलकासाठी पोरं जीव टाकतात.

आणि मग १९६९ साली मिशिगनने प्रशिक्षक आणला तो कोण? बो शेम्बेक्लर. हेज यांच्याच हाताखाली खेळलेला, ओहायो स्टेटला त्यांचाच साहाय्यक राहिलेला. चेला वस्तादाच्या समोरच्या तालमीत गेला, असं समजा. त्या वर्षी ओहायो सलग २२ सामने जिंकून आलं होतं. मिशिगनने २४-१२ने हरवलं. पुढची दहा वर्षं हे दोघं दर नोव्हेंबरला भिडले. पाच बोचे, चार वुडींचे, एक बरोबरीत. ती बरोबरी १९७३ची. दोन्ही संघ तोवर अजिंक्य, सामना १०-१०. तेव्हाच्या नियमाने त्यांच्या गटातून एकच संघ पुढे रोझ बोलला जाणार. कोण, ते ठरवायला दहा विद्यापीठांच्या क्रीडासंचालकांनी मतदान केलं. ओहायो ६, मिशिगन ४. एकही सामना न हरता मिशिगनची मुलं घरी बसली. ॲन आर्बरमध्ये माझ्या शेजारी एक आजोबा राहायचे. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा, आणि मी ऐकलं तेव्हा त्याला पंचवीस वर्षं उलटून गेली होती.

हेज यांचा शेवट चांगला झाला नाही. १९७८च्या डिसेंबरात भरमैदानात विरुद्ध संघाच्या खेळाडूला त्यांनी मारलं आणि त्यांना काढलं. बो मात्र त्यांना आयुष्यभर गुरू मानत राहिले. २००६ साली पहिल्या क्रमांकावर ओहायो, दुसऱ्यावर मिशिगन, दोन्ही अजिंक्य, सामना कोलंबसला. आणि आदल्या दिवशी बो गेले. दुसऱ्या दिवशी लाखभर लाल कपड्यांतली माणसं मिशिगनच्या प्रशिक्षकासाठी शांत उभी होती. मग सामना झाला आणि आम्ही ४२-३९ने हरलो. मी टीव्हीपुढे दोनदा रडले. कशासाठी किती, ते विचारू नका.

माझं स्वतःचं म्हणाल तर १९९७ला, विद्यार्थिनी असताना, रूममेटने ओढून नेलं. त्या दिवशी चार्ल्स वुडसन नावाच्या मुलाने लाथेने आलेला चेंडू झेलला आणि ७८ यार्ड पळत रेषेपलीकडे नेला. आम्ही २०-१४ने जिंकलो. लाखावर माणसं एकदम उठली, त्या आवाजाने बाक हलत होता. प्रबंध अर्धा राहिला होता, डोळ्यांत पाणी आणि कानात थंडी भरली होती, पण पुढच्या वर्षीचं तिकीट काढायचं हे मी तिथेच ठरवलं.

आता पैज. कोलंबसकर ओहायोत आला आणि २००४ पासून आमची पैज लागली. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला अर्धा किलो घरची चटणी द्यायची. विकतची चालणार नाही. आईने भाजून, डंकावर कुटून आणलेली. माझं नशीब बघा. २००४ ते २०१९, सोळा वर्षांत आम्ही एकदा जिंकलो, २०११ साली. पंधरा पराभव म्हणजे साडेसात किलो चटणी. २०१०चा विजय रद्द झाला तेव्हा मी लगेच फोन केला, "अर्धा किलो परत दे." तो म्हणाला, "खाऊन झाली." २०१६ला दुसऱ्या जादा डावात ३०-२७ने हरलो. त्यांचा खेळाडू रेषेपर्यंत पोचला होता की नव्हता, यावर आम्ही आठ वर्षं भांडतोय. पोचला नव्हता.

२०२० साली सामनाच झाला नाही. मिशिगनच्या संघात कोरोना शिरला आणि ८ डिसेंबरला तो रद्द झाल्याचं जाहीर झालं. दुसऱ्याच दिवशी इथे माझे बाबा गेले. तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते आठवत असतील. मला वेळेत येता येण्यासारखं नव्हतं. अंत्यसंस्कार मी फोनवर पाहिले. त्या शनिवारी, ज्या दिवशी सामना व्हायचा होता त्याच दिवशी, कोलंबसकर तीन तास गाडी चालवत आला. घरात यायचं नाही, म्हणून परसात सहा फुटांवर खुर्ची टाकून बसला. बाहेर कडाक्याची थंडी. थर्मासमधला चहा होता. बाबा सायकलवरून आम्हाला दोघांना शाळेत सोडायचे, एक पुढे एक मागे, ते तो सांगत राहिला. जाताना त्याने पायरीवर एक डबा ठेवला. सामना झाला नाही तर चटणी कुणी द्यायची, हे आमच्या नियमात नव्हतं.

त्यानंतर तीन वर्षं आम्ही जिंकलो. २०२१ला ४२-२७, २०२२ला त्यांच्या घरात ४५-२३, २०२३ला ३०-२४. यंदाच्या जानेवारीत देशाचं विजेतेपदही घेतलं. कोलंबसकर लगेच म्हणेल, "खाणाखुणा चोरून." समोरच्या संघांच्या खुणा चोरून टिपल्याचं प्रकरण झालं, आमच्या प्रशिक्षकाला शेवटचे तीन सामने मैदानाबाहेर बसावं लागलं, हे खरं आहे आणि ते झाकावंसं मला वाटत नाही. पण ओहायोविरुद्धचा सामना त्या तिनातलाच होता. प्रशिक्षक घरी असताना जिंकलो. चटणी दीड किलो झाली.

यंदा मला खरी काळजी वेगळीच आहे. तसं हरण्याचीही आहेच. आम्ही दहापैकी पाच जिंकलोत, त्यांनी दहापैकी नऊ, काल रात्रीही ते जिंकले. त्यांचा एकमेव पराभव एका गुणाने. पण यंदापासून देशाच्या विजेतेपदासाठी चारऐवजी बारा संघ खेळणार. गटात दहाऐवजी अठरा विद्यापीठं झालीत, पार पॅसिफिक किनाऱ्यावरची. म्हणजे ओहायो आमच्याकडून हरलं तरी त्यांचा हंगाम बहुधा चालूच राहील. खेळाडूंना आता पैसे मिळतात, ते मिळावेतच. त्यांच्या जिवावर विद्यापीठांनी वर्षानुवर्षं कमावलं. पण ओहायोच्या यंदाच्या संघावर सुमारे दोन कोटी डॉलर गेल्याचं त्यांचे क्रीडासंचालकच सांगतात आणि मुलं दरवर्षी विद्यापीठ बदलतात. गेल्या वर्षी इकडचा, यंदा तिकडचा. १९७३च्या त्या मतदानात अन्याय होता, पण एका सामन्यावर सगळं लटकलेलं होतं म्हणूनच आजोबांचा आवाज पंचवीस वर्षं चढत राहिला. हरूनही चालण्यासारखं असेल तर पाट्यांवरचा 'एम' कोण खोडत बसेल?

कोलंबसकराचं मत उलट आहे. तो म्हणतो, तीन वर्षं त्यांच्या पोरांना सोन्याची विजार मिळालेली नाही, कोलंबसमध्ये कुणालाही विचार हरून चालेल का. तो म्हणतोय त्यात तथ्य असावं, अशी माझी फार इच्छा आहे. त्या ३० तारखेला तेच बघायचंय मला.

आणखी एक. मार्चमध्ये तो घर विकून कायमचा कोल्हापूरला येतोय, आईजवळ. तेव्हा तीन तासांवरचा शत्रू असण्याचं हे माझं शेवटचं वर्ष. म्हणून दोन तिकिटं काढलीत, शेजारशेजारची, त्यांच्या बाजूची. लाख लाल माणसांत मी एकटी निळी बसणार आहे.

२५ला आम्ही दोघं मुंबईहून एकाच विमानाने निघतोय. माझ्या आईने काल विचारलं, चटणी किती बांधू. अर्धा किलो म्हटलं. कोलंबसकराने मात्र त्याच्या आईला सांगून ठेवलंय की यंदा गरजच पडणार नाही. काकू, तुम्ही मागे बसलाय ना? माझं ऐका, आज संध्याकाळी अर्धा किलो बांधून ठेवा.